बटण गेले तरी नोंद राहावी

स्वतःपुरती विकी-वही ठेवणाऱ्याला बटणाचा मोह फार लवकर होतो. नवे पुस्तक वाचायला घेतले की नवी नोंद उघडायची, तिला नाव द्यायचे, ‘वाचन’ हा टॅग लावायचा, लेखकाचा रकाना भरायचा, तारीख टाकायची. हे सारे काही वेळा हाताने केले की कुणालाही वाटते, एवढे एका टिचकीत का होऊ नये? आजच्या बहुतेक वह्यांत तशी सोय आहे. टिडलीविकीत बटण हा तिच्या लेखनभाषेचाच भाग आहे, ऑब्सिडियनमध्ये त्यासाठी प्लगइन मिळतात, ईमॅक्सच्या ऑर्ग-मोडमध्ये साध्या दुव्यालाही आज्ञा जोडता येते. तेव्हा बटण करता येते का, हा प्रश्न कधीच मिटला. उरला आहे तो पुनर्वापराचा: बटणामागची स्क्रिप्ट कशी लिहिली म्हणजे ती दुसऱ्या नोंदीत चालेल, दुसऱ्या वहीत चालेल, आणि आपणच ती विसरून गेल्यावरही चालेल? याचे नेहमीचे उत्तर असे की स्क्रिप्ट जितकी सर्वसाधारण करता येईल तितकी करावी, प्रत्येक गोष्ट पॅरामीटरमधून येऊ द्यावी. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. गेल्या चार दशकांतली उदाहरणे पाहिली तर पुनर्वापराची खरी कसोटी बटणाने मागे काय ठेवले इथे लागते. बटण काढून टाकल्यावरही जी नोंद वाचता येते, शोधता येते, यादीत सापडते, तिच्यामागची स्क्रिप्ट निर्धास्तपणे बदलता येते. आणि जी बदलता येते तीच पुन्हापुन्हा वापरली जाते.

या प्रश्नाची सुरुवात विकीच्या आधीची आहे. ॲपलने १९८७ मध्ये बिल ॲटकिन्सन यांचे हायपरकार्ड मॅकिंटॉशबरोबर देऊ केले, तेव्हा प्रोग्रामर नसलेल्या असंख्य लोकांच्या हाती पहिल्यांदा बटण आणि त्यामागची स्क्रिप्ट आली. हायपरटॉक नावाच्या, इंग्रजी वाक्यांसारख्या भाषेत चार ओळी लिहिल्या की बटण कामाला लागे. बटण उचलून दुसऱ्या कार्डावर चिकटवले की त्याची स्क्रिप्टही सोबत जाई. ही सोय लोकांना आवडली, आणि पुढची डोकेदुखीही तिच्याच पोटी होती, कारण चाळीस कार्डांवर चिकटवलेल्या बटणात चूक सापडली की दुरुस्तीही चाळीस ठिकाणी. हायपरकार्डच्या रचनेत याला उत्तर होते. एकाच जातीच्या कार्डांना मिळून एक पार्श्वभूमी असे; बटण तिथे ठेवले की ते त्या सगळ्या कार्डांवर दिसे आणि त्याची स्क्रिप्ट मात्र एकच राही. शिवाय बटणाला उत्तर ठाऊक नसेल तर संदेश कार्डाकडे, तिथून पार्श्वभूमीकडे, मग पूर्ण स्टॅककडे आणि शेवटी ‘होम’ स्टॅककडे चढत जाई, त्यामुळे सामाईक काम वरच्या पायरीवर एकदाच लिहून ठेवता येई. पुनर्वापराची जवळजवळ सगळी तत्त्वे इथे आली आहेत: स्क्रिप्टची जागा एक, तिचे दर्शन अनेक ठिकाणी, आणि नोंदीच्या पोटात फक्त नोंद. हायपरकार्डची विक्री ॲपलने २००४ मध्ये थांबवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जेरेमी रस्टन यांनी टिडलीविकी लोकांसमोर ठेवली. हा निव्वळ योगायोग आहे, पण वारसा कुणाकडे गेला हे सांगायला सोयीचा.

विकीच्या जगात हाच पेच वेगळ्या नावाने आला. विकिपीडियावर संपादन करणाऱ्या मराठी वाचकांना ‘साचा’ परिचयाचा आहे. साचा दोन रीतींनी वापरता येतो. एका रीतीत पानावर फक्त साच्याचे नाव राहते आणि पान दाखवताना त्याचा मजकूर आणून बसवला जातो. साचा बदलला की ती सगळी पाने बदलतात. दुसऱ्या रीतीत नावाआधी ‘सब्स्ट’ लावतात, म्हणजे जतन करतानाच साच्याचा मजकूर पानावर कायमचा उतरतो आणि त्याचा साच्याशी संबंध तुटतो. इशाऱ्याचे निरोप दुसऱ्या रीतीने टाकायची प्रथा आहे, कारण त्या दिवशी त्या सदस्याला जे सांगितले ते पुढे कुणी साचा बदलला म्हणून बदलता कामा नये. माहितीचौकटीला मात्र पहिली रीत योग्य, कारण तिथे फक्त मांडणीचा प्रश्न असतो. वैयक्तिक वहीतल्या बटणालाही हाच विवेक लावता येतो. जे घडले, वाचले, ठरवले ते बटणाने साध्या मजकुरात आणि रकान्यांत उतरवून मोकळे व्हावे. ते कसे दिसावे हे साच्याकडे सोपवावे. आवक-जावक टेबलावरचा रबरी शिक्का झिजला, हरवला, नवा आला, तरी कालच्या टपालावर उमटलेली तारीख तिथेच राहते. बटणाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ऑब्सिडियनमध्ये कित्येक जण प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर बटणाचा तुकडा पेरून ठेवतात. प्लगइन बंद पडले की त्या प्रत्येक नोंदीत न चालणाऱ्या कोडच्या चार ओळी उरतात, आणि त्या उपटायला पुन्हा दुसरी स्क्रिप्ट लागते.

तत्त्व सांगणे सोपे असते, म्हणून एक बटण जवळून पाहू. टिडलीविकी ही सगळी वही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवते. रिकामी असताना तिचे वजन दोन-अडीच एमबी भरते आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीला टिडलर म्हणतात. वाचननोंदीसाठी एक लिहायची चौकट आणि शेजारी बटण, एवढाच देखावा. चौकटीत टंकलेले पुस्तकाचे नाव एका तात्पुरत्या टिडलरमध्ये साठते. बटण दाबले की पहिली क्रिया त्या नावाची नवी नोंद तयार करते, टॅग लावते, रकाने भरते. दुसरी क्रिया नव्या नोंदीवर नेते. तिसरी तात्पुरता टिडलर पुसते. तीन ओळींचे काम, पण खाचखळगे याच तीन ओळींत आहेत. ‘कोसला’ दुसऱ्यांदा वाचायला घेतली आणि तेच नाव टाकले तर काय व्हावे? ‘क्रिएटटिडलर’ ही क्रिया जुन्या नोंदीला हात लावत नाही, नव्या नोंदीच्या नावापुढे आकडा जोडते. ‘सेटफील्ड’ ही क्रिया वापरली असेल तर जुन्या नोंदीचे रकाने मुकाट्याने बदलतात आणि पहिल्या वाचनाची तारीख पुसली जाते. आकडा जोडला गेला तर पुढचा प्रश्न: ‘नव्या नोंदीवर ने’ ही क्रिया कुठल्या नावाकडे नेणार? ती पहिल्या क्रियेच्या बाहेर सुटी लिहिली तर चौकटीतले नाव घेऊन जुन्या नोंदीकडेच जाते. पहिल्या क्रियेच्या पोटात लिहिली तर प्रत्यक्ष तयार झालेले नाव तिला एका चलातून मिळते. एका नोंदीपुरते बटण करणाऱ्याला हे कधी आडवे येत नाही; तेच बटण पुन्हापुन्हा वापरणाऱ्याला नक्की येते.

दुसरा खळगा पॅरामीटरचा. टिडलीविकीत स्क्रिप्ट एका जागी ठेवून नावाने बोलावण्याची जुनी रीत म्हणजे मॅक्रो, आणि मॅक्रोमध्ये पॅरामीटर अक्षरशः मजकूर म्हणून चिकटवला जातो. सरळ दुहेरी अवतरणचिन्ह असलेले शीर्षक आले की ते चिन्ह स्क्रिप्टमधल्या अवतरणाशी भिडते, मूल्य मधेच तुटते आणि भलतीच नोंद तयार होते. २०२३ च्या ५.३.० आवृत्तीने यासाठी प्रोसिजर हा नवा प्रकार आणला. त्यात पॅरामीटर चल म्हणून पोचतो, मजकुरात मिसळत नाही, त्यामुळे शीर्षकात काहीही असले तरी बिघडत नाही. जुने मॅक्रो अजून चालतात, पण नव्याने बटण लिहिणाऱ्याने ते कशाला धरून बसावे याचे सबळ कारण मला दिसत नाही.

तिसरा खळगा वेळेचा आहे, आणि सगळ्यांत जास्त लोक इथेच अडखळतात. बटण पडद्यावर उमटते तो क्षण वेगळा आणि ते दाबले जाते तो क्षण वेगळा. क्रिया दाबण्याच्या क्षणी स्वतःची मूल्ये ताजी करून घेतात, पण त्यांच्याभोवती गुंडाळलेली चले आणि याद्या प्रत्येक क्रियेगणिक नव्याने मोजल्या जात नाहीत. तसे हवे असेल तर वेगळी सूचना द्यावी लागते. त्यामुळे पहिल्या क्रियेने केलेला बदल दुसऱ्या क्रियेला दिसेल असे धरून लिहिलेली स्क्रिप्ट दिसायला बिनचूक असते आणि वागायला विचित्र. यात भारतीय वापरकर्त्यासाठी एक खास भर आहे. नोंदीची निर्मितीवेळ टिडलीविकी जागतिक प्रमाणवेळेत साठवते, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १५ जूनच्या पहाटे पाच वाजता केलेली नोंद त्या रकान्यात १४ जून, २३:३० अशी पडते. बटणाने शीर्षकात स्थानिक तारीख टाकली आणि दिवसवार यादी मात्र निर्मितीवेळेच्या पहिल्या आठ आकड्यांवरून काढली, तर पहाटे लिहिणाऱ्याच्या नोंदी एक दिवस आधीच्या खात्यात जातात. उपाय सोपा आहे: बटणाने स्थानिक तारीख स्वतःच्या वेगळ्या रकान्यात लिहावी आणि याद्या तिथूनच काढाव्यात. पण तो सुचायला बटणाकडे ‘टंकायच्या किती ओळी वाचल्या’ या नजरेऐवजी ‘काय लिहून ठेवले’ या नजरेने पाहावे लागते.

मराठी वहीसाठी तर बटणाचा मुख्य उपयोग मला इथेच वाटतो. देवनागरीत एकच शब्द डोळ्यांना सारखा दिसूनही यंत्राला वेगळा असू शकतो. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टंकता येते आणि ‘अ’वर वेगळा चंद्र देऊनही, ‘ऱ’ एकसंध असू शकतो किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन बनवलेला. फोनवरच्या कळफलकाने एक रूप दिले आणि संगणकावरच्याने दुसरे, तर ‘ॲप’ या एकाच टॅगचे दोन टॅग होतात आणि अर्ध्या नोंदी यादीतून गायब. टॅग हाताने टंकण्याऐवजी बटणाखालच्या यादीतून निवडला तर हा घोळ उगमापाशीच थांबतो. रकान्यांच्या नावांचेही तसेच. टिडलीविकीत २०२१ च्या ५.२.० आवृत्तीपर्यंत रकान्यांची नावे लहान रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे यांपुरती बांधलेली होती. आता ‘लेखक’, ‘प्रकाशक’ अशी नावे बेलाशक देता येतात. पण एका बटणाने ‘लेखक’ लिहिले, दुसऱ्याने ‘लेखिका’ आणि जुन्या तिसऱ्याने ‘ऑथर’, तर लेखकनिहाय यादी तीन तुकड्यांत विभागली जाते. सर्व बटणांनी एकच स्क्रिप्ट बोलावली पाहिजे याचे भक्कम कारण हे आहे. वाचलेले श्रम हा त्यापुढे दुय्यम लाभ.

आता आक्षेप. पहिला असा की वैयक्तिक वहीत शिस्तबद्ध पुनर्वापराची गरजच नाही, उचलून चिकटवले तरी भागते. या आक्षेपामागे अभ्यासाचे बळ आहे. केंब्रिजच्या युरोपार्क या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ॲलन मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी ‘बटन्स’ नावाची प्रणाली घडवली होती. तिच्यावरचा त्यांचा निबंध १९९० चा. तिथे बटणे ईमेलने एकमेकांना पाठवता येत, घेणारा त्यांतली मूल्ये बदले, रूप बदले, आणि अगदी थोडे जण आतल्या लिस्प भाषेपर्यंत उतरत. त्याच वर्षी वेंडी मॅके यांनी एमआयटीच्या अथीना प्रकल्पातल्या लोकांची पाहणी मांडली, त्यातही माणसे सेटिंगच्या फायली एकमेकांकडून उसन्या घेताना दिसली. बॉनी नार्डी यांच्या १९९३ च्या ‘अ स्मॉल मॅटर ऑफ प्रोग्रामिंग’ या पुस्तकाचा रोखही असाच: सामान्य वापरकर्ता एकटा, कोऱ्या पाटीवर शिकत नाही, जाणत्या सहकाऱ्याच्या मदतीने पुढे जातो. हे सगळे मान्य. चिकटवणे हीच शिकण्याची वाट आहे, आणि पहिल्या-दुसऱ्या वापरासाठी त्याहून काही करू नये. दोन उदाहरणे हाती नसताना काढलेले पॅरामीटर बहुधा चुकीचे निघतात. मात्र युरोपार्कच्या बटणांत बदलण्याजोगी मूल्ये आधीच वेगळी काढून दाखवलेली होती, म्हणून आतले न समजताही ती उसनी घेता आली, हे आक्षेप घेणारे विसरतात. शिवाय त्या प्रयोगशाळेत शेजारी विचारायला माणूस होता. वैयक्तिक वहीत तो जाणता सहकारी म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे आपणच, आणि त्यांना विचारायची सोय नसते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: बटणे करत बसणे हा लिहिणे टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. खरे आहे. कुठल्याही वहीप्रणालीच्या चाहत्यांत वहीची रचना नोंदींपेक्षा जास्त वाढलेली दिसते. पण त्यामुळे सगळीच बटणे निकामी ठरत नाहीत. जी बटणे फक्त हिंडवतात, पट्ट्या उघडझाप करतात, रंग बदलतात, त्यांच्यावर स्क्रिप्टचा वेळ घालवू नये असे मी म्हणेन. जी बटणे नोंद लिहितात, तिचे नाव ठरवतात, तिची अवस्था बदलतात, त्यांची चूक नोंदीत मुरते. तेवढ्यांवर मेहनत करावी. नोंद पुसणारी बटणे तर असूच नयेत, किंवा आधी खात्री करून घेणारी असावीत. हा निकष लावला की बहुतेक वह्यांतली बटणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात.

अलीकडचा आक्षेप यंत्राचा: भाषा-प्रारूपाला सांगितले की दोन मिनिटांत हवी ती स्क्रिप्ट मिळते, मग जपून ठेवायची कशाला? लिहिण्याचे श्रम हीच अडचण असती तर हा युक्तिवाद निरुत्तर करणारा ठरला असता. पण दर वेळी नवी स्क्रिप्ट म्हणजे दर वेळी रकान्याचे थोडे वेगळे नाव, तारखेचा थोडा वेगळा साचा, आणि आधीच्या नोंदींशी न जुळणाऱ्या नव्या नोंदी. त्यात टिडलीविकीची जुन्या मॅक्रो-पद्धतीची उदाहरणे कित्येक वर्षांची साठलेली आहेत आणि प्रोसिजरची तुलनेने नवी, तेव्हा मिळालेल्या उत्तरात दोन्हींची सरमिसळ असू शकते. यंत्राकडून स्क्रिप्ट जरूर घ्यावी, पण ती एका जागी ठेवावी, आणि कोणते रकाने कोणत्या नावाने भरायचे हे आपण ठरवून तिला सांगावे.

उसन्या स्क्रिप्टचा धोका मात्र यंत्राच्या आधीपासूनचा आहे. दस्तऐवजातच चालणारा कोड ठेवला की तो कोड पसरू शकतो हे वर्डच्या मॅक्रोंनी १९९५ च्या ‘कन्सेप्ट’ विषाणूपासून दाखवले, आणि १९९९ च्या ‘मेलिसा’ने जगभरच्या टपालपेट्यांत जाऊन ठसवले. आजच्या वह्या याला वेगवेगळी उत्तरे देतात. टिडलीविकीच्या मजकुरात लिहिलेली स्क्रिप्टची खूण मुद्दाम निष्क्रिय केली जाते आणि बटणाला ठरावीक क्रियांच्या यादीतूनच काम करावे लागते. जावास्क्रिप्ट आणायची तर तिचे वेगळे मॉड्यूल घालून वही पुन्हा उघडावी लागते. ऑर्ग-मोड लिस्पचा दुवा चालवण्याआधी विचारते. ऑब्सिडियनची प्लगइने जावास्क्रिप्टची असल्याने त्यांना वहीतल्या सगळ्या फायली उघड्या असतात. म्हणून मर्यादित क्रियांची भाषा तोकडी वाटली तरी उसनवारीसाठी तीच बरी. तिच्यात लिहिलेले बटण वाचून कळते, आणि फारात फार ते वहीचीच नासाडी करील, संगणकाची नाही.

स्क्रिप्ट एका वहीतून दुसरीत नेण्यासाठी टिडलीविकीत चांगली व्यवस्था आहे. प्रोसिजर, बटण आणि त्यांची सेटिंग मिळून प्लगइन बांधता येते आणि ते एका फाइलवरून दुसरीवर ओढून टाकता येते. प्लगइनमधले टिडलर ‘शॅडो’ म्हणून तळाशी राहतात. वापरणाऱ्याने त्यात फेरफार केला तर फेरफार केलेली प्रत वर येते, ती पुसली की मूळ पुन्हा दिसते. यामुळे बिनधास्त प्रयोग करता येतो, पण एक गोष्ट नजरेआड होते. पुढे प्लगइनची सुधारलेली आवृत्ती आणली तरी आपली जुनी प्रत तिच्यावर झाकण बनून बसते, बटण जुन्याच चुकीसह चालत राहते, आणि नवी आवृत्ती तर घातली आहे म्हणून शोध भलतीकडे सुरू होतो. यातून सुटायचे तर माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे टॅगचे नाव, रकान्यांची यादी, तारखेचे रूप, या एका वेगळ्या सेटिंग-टिडलरमध्ये काढाव्यात आणि प्रोसिजरने त्या तिथून वाचाव्यात. मग सेटिंगची प्रत प्रत्येकाच्या वहीत आपापली राहते आणि प्रोसिजर कुणी उघडण्याची वेळच येत नाही.